आरेकिपाला गेलीस तर

दगड कुठल्या कचऱ्यात टाकायचा, हे आमच्या क्योतोच्या कचऱ्याच्या पत्रकात मला कुठेच सापडलं नाही. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, मोडकी छत्री, सगळ्याला वार ठरलेला आणि पिशवी ठरलेली. दगडाला वार नाही. म्हणून तो आमच्या ओशिइरेत, म्हणजे गाद्या ठेवायच्या खोल कपाटात, जुन्या स्वेटरांमागे बावीस वर्षं पडून होता. आठ दिवसांपूर्वी मोठी बॅग शोधताना सईने तो बाहेर ओढला. पावाच्या लादीएवढा, पांढरा, आणि दिसतो त्या मानाने इतका हलका की ती म्हणाली, "आई, हा खोटा आहे का?"

खोटा नाही गं बाई. ज्वालामुखीच्या राखेचा आहे, म्हणून हलका. मी तो आरेकिपाहून आणला होता. त्याला तिकडे सिल्यार म्हणतात आणि अख्खं शहर त्याचं बांधलंय. हे सांगता सांगता मी तो नाकाशी नेला. दगडाला कसला वास येणार! डांबरगोळ्यांचा आला. पण त्याच्याखाली, मनाचे खेळ असतील, निलगिरीच्या जळत्या काटक्यांचा वास आला, आणि मी तिथेच तातामीच्या चटईवर फतकल मारून बसले.

सई माझी एकुलती एक. सव्वीस वर्षांची. कोबेतल्या एका लोकरीच्या कंपनीत आहे. पेरू देशात अल्पाका म्हणून लांब मानेचा प्राणी असतो, त्याची लोकर हे लोक मागवतात. आता कंपनीने तिला विचारलंय, दोन वर्षं तिथल्या आरेकिपा शहरात राहशील का? उत्तर द्यायला आठवड्याची मुदत. आणि आमच्या सगळ्या गोतावळ्यात आरेकिपा पाहिलेली एकच बाई आहे, ती मी. सई चार वर्षांची असताना तिला पुण्याला माझ्या आईकडे ठेवून मी अकरा महिने तिथे होते, ज्वालामुखीच्या राखेचा अभ्यास करायला. मंदार, तिचा बाबा, इथे जपानात, कोबेतल्या नोकरीत गळ्यापर्यंत बुडालेला. तो तरी काय करणार होता!

"आई, ओसुसुमे लिहून दे ना," सई म्हणाली. ओसुसुमे म्हणजे 'आम्ही सुचवतो ते'. इथे प्रत्येक खानावळीच्या फळीवर लिहिलेलं असतं. "काय बघायचं, काय खायचं, डोंगरात कुठे जायचं. पण खरं लिही हं. तू तर सांगतेस, तिथे तुझे हाल कुत्रं खात नव्हतं. इतकं वाईट असेल तर मी पुढच्या सोमवारी नाही सांगून टाकते. नाहीतरी तू इथे एकटी."

एकटी म्हणजे, मंदारला जाऊन तीन वर्षं झाली. सई दर रविवारी कोबेहून गाडीने येते, चार पोळ्या खाते, सहा डब्यात भरून नेते. माझा आठवडा त्या दहा पोळ्यांवर चालतो म्हणा ना. तिला थांबवायला मला काहीच करायला नको होतं. बावीस वर्षं जे सांगत आले तेच फक्त पुन्हा एकदा सांगायचं होतं.

सोमवारी संध्याकाळी कागद घेऊन बसले. पहिली ओळ लिहिली, 'तिथे भूकंप फार होतात.' मग माझं मलाच हसू आलं. जपानात राहून भूकंपाची भीती कोणाला घालतेस! दुसरी लिहिली, 'हवा विरळ असते, डोकं दुखतं.' हे खरं होतं. पण ते दोन दिवस. उरलेल्या अकरा महिन्यांचं काय लिहायचं? कागद चुरगळून टाकला. जळणाऱ्यातच जातो तो, बुधवारी. मग नवा कागद घेतला.

तर सई, आरेकिपाला गेलीस तर सकाळी ऊन यायच्या आत एकदा मोठ्या चौकात जा. दगड रात्रभर थंडीत राहून निळसर झालेले असतात. मग मिस्ती नावाच्या डोंगरामागून सूर्य वर येतो आणि कमानी एकेक करून पांढऱ्या होत जातात. मिस्ती आपल्या फुजीसारखाच निमुळता. आमच्या अभ्यासाचे प्रमुख, मोरी-सेन्सेई, पहिल्या दिवशी त्याला कमरेत वाकून नमस्कार करून म्हणाले होते, "तुमच्या भावाला ओळखतो मी." चौकात कबुतरं फार. डोक्यावर काहीतरी घाल.

नदीपलीकडे टेकडीवर एक मोहल्ला आहे, त्याच्या माथ्यावर कमानींची रांग. तिथे मी सेन्योरा हिल्दाच्या घरात भाड्याने खोली घेतली होती. हिल्दा विधवा, माझ्या आईच्या वयाची, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाला कुत्री उठून बसत. मागे अंगण, अंगणात एक अंजिराचं झाड आणि कपडे धुवायची दगडी डोणी. एप्रिलमध्ये पोचले तेव्हा पाऊस नुकता संपला होता. घराखालच्या उतारावर लसूणघासाची हिरवीगार शेतं, त्यातून पाट झुळझुळ वाहणारे, आणि वर बर्फ. असं सगळं एका खिडकीत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खिडकीला पडदा नव्हता, तो मी लावलाही नाही.

खाण्याचं सांगते. मोठ्या मंडईत जा. लोखंडी छत, आत फळांच्या रसाच्या टपऱ्यांची रांग. तिथल्या बायका "या राणीसाहेब, बसा राणीसाहेब" करत हाताला धरून उंच स्टुलावर बसवतात. बटाट्यांचीच एक गल्ली आहे. काळे, जांभळे, बोटासारखे लांब, आणि थंडीत गोठवून वाळवलेले, ते खडबडीत पांढरे. एक जाडजूड लाल मिरची असते, दिसायला ढबू. मी ढबूच समजून भाजी केली. पुणेरी माणसाला तिखटाचं काय, असा तोरा होता. पहिल्या घासाला कानातून धूर निघाला. हिल्दा पोट धरून हसली आणि तिने मला पाट्याशी बसवून मिरचीच्या बिया काढायला, तीन पाण्यांत उकळायला शिकवलं. आणि हो, 'चीज आइस्क्रीम' अशा अर्थाचं नाव असलेलं एक दुधाचं बर्फ मिळतं. त्यात चीज औषधालाही नाही. दूध, नारळ, वर दालचिनी. झालरीची टोपी घातलेल्या बायका लाकडी पिंपात फिरवून विकतात. ते खाच. रोज खा.

मग डोंगर. पहाटेची बस धरायची, उजवीकडच्या खिडकीत बसायचं. शहर सुटलं की पिवळं गवत लागतं, त्यावर तपकिरी अंगाची, हरणाएवढी, नाजूक जनावरं चरत असतात. रस्ता चढत चढत अशा खिंडीत जातो की तिथे श्वास मोजून घ्यावा लागतो. खिंडीत लोकांनी दगडावर दगड ठेवून लहान लहान उतरंडी रचलेल्या असतात, येणारा जाणारा आपला एक ठेवतो. तू पण ठेव. मग उतरलं की कोल्काचं खोरं. दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची शेतं, हजारो वर्षांची, अजून कसतात. गरम पाण्याचे झरे आहेत. तुला ओनसेन म्हटलं की कळेल, फक्त तिथे अंगावर कपडे ठेवायचे असतात. मोरी-सेन्सेईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढचं विचारू नकोस.

जून-जुलैमध्ये आमचा तळ त्या खोऱ्यातल्या एका गावात होता. मातीच्या विटांचं घर, निलगिरीच्या काटक्यांची चूल. सेन्सेई, त्यांचे दोन विद्यार्थी आणि मी. सकाळी बादलीवर बर्फाची पापडी. आणि भात शिजेना! उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण ते उकळणं फुसकं. तास तास ठेवलं तरी तांदूळ कच्चाच. तीन दिवस हे तिघे जपानी तक्रारीचं एक अक्षर न काढता तो कुरकुरीत भात खात होते आणि वर "फार छान झालाय" म्हणत होते. चौथ्या दिवशी मला राहवेना. मी ट्रंकेतून माझा कुकर काढला.

हो, कुकर. पाच लिटरचा. पुण्याहून क्योतोला आणि क्योतोहून पेरूला मी तो उरापोटी वाहून नेला होता. आपल्या बायका दुसरं काय करतात! विमानतळावर दोन पोलिसांनी त्याला चहूबाजूंनी टकटक करून पाहिलं होतं. चुलीवर चढवला. पहिली शिट्टी झाली तशी विद्यार्थी घराबाहेर पळाले, अंगणातले अल्पाका कुंपणावरून उडाले आणि शेजारची म्हातारी भरतकामाची टोपी सावरत आत आली. घरी तीन शिट्ट्यांत होतो, तिथे मी सहा घेतल्या. झाकण उघडलं तेव्हा वाफेमागे भात असा मोकळा फुललेला! सेन्सेईंनी दोन्ही हातांनी वाडगा धरला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुराने आलं असं ते म्हणाले. पुढे पुढे गावच्या बायका आपापले वाळके बटाटे आणि सुकं मटण घेऊन रांगेने यायच्या आणि सेन्सेई चुलीपाशी उकिडवे बसून बोटांवर शिट्ट्या मोजायचे. एवढा मोठा ज्वालामुखीतज्ज्ञ! दगडांच्या नोंदींच्या वहीत मी एका पानावर लिहिलंय, 'आज सोळा नमुने, नऊ शिट्ट्या.'

दुपारी वारा पडला की कड्यावर जाऊन बसायचे. खाली इतकी खोल दरी की नदीचा आवाज वर पोचत नाही. आणि मग तो पक्षी, कॉन्डोर, आपल्या पायांच्या खालून वर येतो. पंख हलवत नाही. डोळ्यांसमोरून जाताना त्याच्या पंखांतून वारा जातो, त्याची शीळ ऐकू येते. मी तिशीची होते, सई. खिशात हातोडी, तोंडाला ऊन लागून साल निघालेलं, नखांत राख. दूर एक ज्वालामुखी तासातासाने धुराचा गोळा सोडायचा आणि मी वेळ टिपून ठेवायचे. कुणी मला आई म्हणत नव्हतं, सूनबाई म्हणत नव्हतं. गावात सगळे मला 'दगडवाली' म्हणायचे.

इथपर्यंत लिहून मी दोन दिवस थांबले. काय थांबले, घाबरले.

कारण पुढे रविवार होते. महिन्यातले तीन आठवडे डोंगरात काढले तरी रविवारी सकाळी मी कशीही करून शहरात यायचे. चौकामागच्या गल्लीत टेलिफोनचं दुकान होतं, लाकडी खोकी, प्रत्येकात एक स्टूल. मी तीन नंबरच्या खोक्यात बसायचे. तिकडे पुण्यात संध्याकाळ, दिवेलागणीची वेळ. आई फोन उचलायची, "थांब, देते तिला." आणि मग सईचं रडणं. "आई ये ना. आई तू कधी येणार?" हुंदके देऊन देऊन. मीही रडायचे. काचेपलीकडे रांगेत उभे असलेले लोक तोंड फिरवायचे. फोन ठेवला की दुकानदारीण कागदी रुमाल पुढे करायची.

आणि मग मी बाहेर यायचे. बाहेर लख्ख ऊन. चर्चच्या घंटा. कोपऱ्यावर लाकडी पिंप फिरवणारी बाई. मी दालचिनीवालं दुधाचं बर्फ घ्यायचे, कठड्यावर बसून खायचे, आणि ते संपेपर्यंत माझं रडू संपलेलं असायचं. हिल्दाकडे पोचेपर्यंत मी गाणं गुणगुणत असायचे. पोटच्या पोरीला रडताना ऐकलेलं, आणि ही बाई गुणगुणतेय! रात्री अंथरुणात स्वतःची लाज वाटायची. पण सकाळी खिडकीत तो डोंगर असायचा आणि मला पुन्हा बरं वाटायचं.

ही गोष्ट मी कुणाला सांगणार होते? परत आल्यावर सगळे एकच विचारत होते, "पोरीला सोडून कशी गं राहिलीस?" मी काय उत्तर देणार? सांगितलं, हाल झाले. थंडी, पिसवा, बटाट्यावर बटाटे. सासूबाईंना सांगितलं, मंदारला सांगितलं, कोबेच्या गणपतीत जमलेल्या बायकांना सांगितलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. हाल झाले म्हटलं की आई चांगली ठरते. मग सई मोठी होत गेली आणि तिलाही तेच सांगितलं, इतक्या वेळा की मला स्वतःलाही थोडंसं पटलं. त्या गोष्टीत अंजिराचं झाड नव्हतं, कुकर नव्हता, मोरी-सेन्सेई नव्हते. सगळं कपाटात कोंबलं, स्वेटरांमागे.

शुक्रवारी धीर करून शेवटचं पान लिहिलं. 'सई, ही यादी आहे, आणि आता खरं सांगते. मी तिथे फार सुखात होते. तुझी आठवण यायची, फार यायची, आणि तरी सुखात होते. इतकी सुखात मी त्याआधी नव्हते आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही फार थोडे दिवस होते. तुला सोडून गेल्याचं वाईट वाटतं. गेल्याचं वाटत नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण.' पाकिटात घातलं आणि पोळ्यांच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे रविवारपर्यंत पुन्हा फाडायला हात जायला नको.

काल ती आली. जेवण झालं, मी पाकीट पुढे सरकवलं आणि भांडी घासायला उठले. सईला देवनागरी येते, पण बोट ठेवून वाचते, अर्धवट मोठ्याने. पाठमोरी उभी राहून मी ऐकत होते. मिरचीपाशी हसली. कुकरपाशी "उसो!" म्हणाली, म्हणजे काहीतरीच! दरीपाशी 'दगडवाली' दोनदा वाचलं. मी तेच एक ताट तीनदा विसळलं. शेवटच्या पानावर तिचा आवाज अडखळायला लागला, 'सु-खा-त हो-ते', आणि बंद झाला.

"आई," ती म्हणाली, "पण तू फोनवर रडायचीस."

"हो गं. फोनवर खरंच रडू यायचं. बाहेर आले की थांबायचं."

"माझं पण."

मी नळ बंद केला. "तुझं पण काय?"

"फोन ठेवला की थांबायचं." ती पाकिटाचा कोपरा दुमडत होती. "आजी सांगायची ना. आईचा फोन येईल, थोडं रड हं. नाहीतर तिला वाटेल पोर विसरली. रडून झालं की श्रीखंडाची गोळी द्यायची. नीट रडले तर दोन."

मी ओल्या हातांनी तशीच तिच्यासमोर येऊन बसले. "आणि बाकीचा आठवडा?"

"बाकीचा आठवडा..." तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "मज्जा. सोसायटीतली मुलं होती, वरच्या काकूंचं मांजर होतं. आजोबा स्कूटरवर पुढे उभं करून न्यायचे. मला परत इथे यायचंच नव्हतं. गोमेन, आई, माफ कर. तुझे तिकडे एवढे हाल, आणि मी इकडे मजेत, असं कसं सांगणार? म्हणून कधी बोलले नाही."

बाई गं! बावीस वर्षं मी ज्या रडण्यापायी स्वतःला खात होते, ते दोन गोळ्यांचं रडणं होतं. आई असती तर तिला उभी करून जाब विचारला असता. पण तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि तिनेही लेकीला बरं वाटावं म्हणूनच केलं असणार. तिघीही एकमेकींचं मन राखत बसलो. आधी मला राग आला. मग, कशाला खोटं बोलू, फार लागलं. माझ्यावाचून पोरीचं काही अडलं नव्हतं. आणि मग आम्ही दोघी अशा हसत सुटलो की खालच्या मजल्यावरच्या यामादा-सानांनी छताला काठी लावली.

हसता हसता माझं रडू केव्हा सुरू झालं, कळलं नाही. सई घाबरली. खुर्ची ओढून जवळ आली. "आता काय झालं? मी सांगायला नको होतं का?"

"तसं नाही गं."

"मग का रडतेस?"

"तू जाणार म्हणून."

ती हळूच म्हणाली, "नको जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "मी रडणार, आणि तू जा."